लाकूडकामाच्या कारखान्यासाठी कटिंग टूल कसे निवडावे: सागापासून एमडीएफपर्यंत, कोकणाच्या हवेत

कटिंग टूलची निवड बहुतेक ठिकाणी दुकानाच्या काउंटरवर होते. "बारा इंची, साठ दाती, चांगल्यातले द्या" एवढ्यावर व्यवहार आटोपतो. मग तेच पाते सागाची चौकट उभे चिरते, तेच सनमायका लावलेला प्लाय कापते आणि पावसाळ्यात ओलसर फणसावर जाऊन करपते. पात्यात दोष नसतो, त्याला काम चुकीचे दिलेले असते. क्रम असा हवा: आधी माल, मग काप, मग मशीन आणि सगळ्यात शेवटी कॅटलॉग. पुढची मांडणी रायगड ते सिंधुदुर्ग पट्ट्यातला छोटा-मध्यम कारखाना समोर धरून केली आहे. दारे-चौकटी, फर्निचर, मॉड्युलर किचन, आंब्याच्या पेट्या किंवा सावंतवाडीकडचे कातकाम, असे काम करणारा.

१. आधी माल बघा

वहीत दोन रकाने पाडा. एकात महिन्याला कोणते लाकूड किती लागते, दुसऱ्यात त्याची जाडी. या वहीशिवाय पुढचे सगळे अंदाजपंचे.

साग हाताला मऊ लागतो म्हणून फसवतो. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक अंश, आणि ती धार घासून काढते. साध्या हायस्पीड स्टीलची धार सागावर लवकर बोथट होते. रोज साग कापणाऱ्याने कार्बाइडच्या (स्टीलहून खूप कठीण असते ते) टोकाचेच पाते घ्यावे. ऐन आणि किंजळ वजनाला जड आणि कठीण असतात. ऐनात खनिजांचे स्फटिक असतात, त्यामुळे तोही धारेचा शत्रू. शिवाय ऐन आणि बाभळीत टॅनिन भरपूर असते. ओले लाकूड लोखंडाला लागले की काळेनिळे डाग पडतात, आणि मशीनच्या टेबलावर ओला भुसा रात्रभर राहिला तर सकाळी टेबलही काळे झालेले दिसते.

फणस आणि रायवळ आंब्याची रेषा गुंतलेली असते. एका पट्ट्यात तंतू डावीकडे झुकलेले, शेजारच्या पट्ट्यात उजवीकडे. कापायला त्रास नाही, पण रंधा मारताना एक पट्टा गुळगुळीत निघतो आणि दुसऱ्यातून खपल्या उडतात. ताज्या फणसाचा चीक दातांवर बसतो तो वेगळाच. आंब्याचे लाकूड पावसाळ्यात पडून राहिले तर त्याला बुरशीचे डाग पडतात, ते कोणत्याही टूलने जाणार नाहीत.

पांगारा, शिवण, सावर ही मऊ लाकडे. कठीण लाकडाला जेवढी धार लागते त्याहून तीक्ष्ण धार यांना लागते, हे उलटे वाटले तरी खरे आहे. बोथट टूल मऊ तंतू कापत नाही, दाबते. मग ते तंतू नंतर उभे राहतात आणि पृष्ठभागावर लोकरीसारखी लव दिसते. माडाचे लाकूड तर एका खोडात दोन प्रकारचे: बाहेरचा थर घट्ट आणि जड, आतला भुसभुशीत. बाहेरचा थर सिलिकामुळे टूल खातो, म्हणून माडाला कार्बाइडशिवाय पर्याय नाही. दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या रबराच्या बागांमधून येणारे रबरवुड, सुरू, काजू हे मिळेल तसे कापले जाते. सुरू कठीण आहे आणि वाळताना तडकतो, त्यामुळे फीड (लाकूड पात्यात सरकवण्याचा वेग) घाईने देऊ नये.

एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि प्लायमध्ये डिंक (रेझिन) असतो आणि तो धारेला लाकडाहून जास्त घासतो. प्लायचा खरा प्रश्न वेगळाच आहे: थरांची दिशा आळीपाळीने बदलते, म्हणून एकाच कापात उभी आणि आडवी दोन्ही कामे होतात.

ओलावा मोजायला पिनवाला मॉइश्चर मीटर घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते. अशा हवेत शेडमध्ये ठेवलेले लाकूड १६ ते १८ टक्क्यांवर जाऊन थांबते. थंडी-उन्हाळ्यात तेच १२-१३ वर असते. १८ टक्क्यांच्या पुढे लाकूड गेले की भुसा चिकट होतो, दातांमधल्या खाचा भरतात आणि काप पाठीमागे मिटून पात्याला पकडतो.

जुन्या घरांचे वासे, तुळया, मोडीत निघालेल्या होड्यांचे लाकूड स्वस्तात मिळते आणि उत्तमही असते, पण त्यात खिळे असतात. कुंपणाला लागून वाढलेल्या आंबा-फणसाच्या बुंध्यात तारही निघते. हातातला मेटल डिटेक्टर एका चांगल्या पात्याच्या किमतीहून स्वस्त पडतो. ओंडक्याच्या सालीत अडकलेली तांबडी माती हा दुसरा गुपचूप चोर. जांभ्याची बारीक खडी त्यात असते. साल काढा, निदान ताठ ब्रशने झाडून घ्या, मगच ओंडका बँड सॉवर (दातेरी पट्ट्याच्या करवतीवर) चढवा.

२. काप कोणता, ते ठरवा

उभी चीर म्हणजे रेषेच्या दिशेने, आडवा काप म्हणजे रेषा तोडत. उभ्या चिरेत लांब सालपे निघतात, त्यांना जागा लागते, म्हणून दात कमी आणि खाच मोठी. आडव्या कापात तंतू दोन्ही कडांनी आधी तुटायला हवेत, म्हणून दात जास्त आणि टोके तिरकी. शीट मालात दोन्ही तोंडांना सनमायका किंवा व्हिनियर असेल तर कड उडू नये हीच मुख्य अट, वेग नंतर.

कापानंतर काय होणार हेही लिहा. चौकटीचा तुकडा नंतर रंध्यात जाणार असेल तर चिरताना आरशासारखी कड घेण्यात पैसे घालू नका. किचनच्या शटरवर मात्र लगेच एज बँड लागणार असतो. तिथे अर्धा मिलिमीटर उडालेला तुकडाही डोळ्यांत खुपतो.

३. मशीनची कुंडली काढा

पाते विकत घेण्याआधी पाच गोष्टी लिहून घ्या: मोटरची ताकद आणि फेज, आर्बरचा (पाते ज्यावर बसते त्या दांड्याचा) व्यास, आर्बरचे खरे आरपीएम (मिनिटाला फेरे), गार्डमध्ये मावणारा सर्वांत मोठा व्यास आणि रायव्हिंग नाइफची (पात्यामागे उभी राहून काप मिटू न देणाऱ्या पट्टीची) जाडी.

आरपीएम मोटरच्या पाटीवरून घेऊ नका, पुलीचे प्रमाण धरा. मोटर २८८०, मोटरची पुली १२५ मिमी, आर्बरची ८० मिमी, तर आर्बर ४५०० वर फिरतो. त्यावरून दाताचा वेग काढायचा सोपा हिशोब: व्यास (मिमी) गुणिले आरपीएम, भागिले १९१००. उत्तर मीटर प्रति सेकंदात. ३०० मिमीचे पाते ४५०० वर म्हणजे साधारण ७१. लाकडासाठी ५० ते ८५ हा पट्टा ठीक, आणि कठीण लाकडाला त्यातली खालची बाजू बरी. गावोगाव दिसणारे टेबल, ज्यात पाते थेट २८८० च्या मोटरवर बसवलेले असते, त्यात २५० मिमीचे पाते जेमतेम ३८ वर फिरते. मग कितीही महागडे पाते बसवा, काप खरबरीतच येणार. अशा ठिकाणी पैसे पात्यावर घालण्याआधी पुलीवर घालावेत. मात्र पात्यावर छापलेले कमाल आरपीएम कधीही ओलांडायचे नाही, अगदी 'थोडेसेच जास्त' असले तरी.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष होते. सिंगल फेजवर २३० चे १९० झाले तर मोटरचा जोर जवळजवळ एक तृतीयांश घटतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मोटर गरम होते, पाते लाकडात अडखळते, आणि दोष धारेला दिला जातो. २ एचपीच्या सिंगल फेज टेबलावर पातळ कापाचे पाते घ्या. ३.२ मिमीऐवजी २.४ मिमी काप घेतला तर प्रत्येक फेरीत एक चतुर्थांश लाकूड कमी खाल्ले जाते, मोटरवरचा भार त्याच मानाने उतरतो आणि सागाच्या दरात बघितले तर वाचलेला भुसा म्हणजे रोकड. उलट बाजू अशी की पातळ पाते थरथरते. ७५ मिमीहून जाड कठीण लाकडात ते वाकडे जाते.

आर्बरवर डायल गेज लावून बघा. ०.०२ मिमीपर्यंतचा डगमग चालेल. पाते बसवून कडेजवळ मोजल्यावर ०.१ मिमीच्या आत यायला हवे. जास्त आले तर आधी फ्लँज (पात्याला दाबून धरणारी चकती) काढून पुसा. त्यावर चिकटलेला एक भुश्याचा कण पुरतो. फ्लँजचा व्यास पात्याच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. आर्बर २५.४ मिमी आणि पाते ३० मिमी छिद्राचे असेल तर घट्ट बसणारी रिंग वापरा. कागद किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून भागवू नका.

४. गोल पाते: दात, कोन, आकार

या भागावर थोडे रेंगाळायला हवे, कारण कारखान्यातला निम्मा खर्च इथेच होतो.

दाताच्या टोकाचे तीन मुख्य आकार. सपाट टोक उभ्या चिरेसाठी: मजबूत, खिळा लागला तरी तग धरते, पण आडव्या कापात कड फाडते. आळीपाळीने तिरके टोक, एक डावीकडे एक उजवीकडे, आडव्या कापासाठी आणि प्लायसाठी: तंतू कात्रीसारखे तुटतात, पण टोक नाजूक. तिसरे ट्रिपल चिप: एक दात कोपरे मारलेला आणि किंचित उंच, पुढचा सपाट. पहिला मधली नाली काढतो, दुसरा कडा साफ करतो. लॅमिनेट, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाला हेच. भुसभुशीत पांगाऱ्याला मात्र ट्रिपल चिप घेऊ नका, ते तंतू ओढते.

३०० मिमीच्या पात्यासाठी सुरुवातीचे आकडे असे. सागाची किंवा ऐनाची उभी चीर, जाडी ४० ते ७५ मिमी: २४ ते ३२ दात, सपाट टोक, हुक कोन (दात पुढे किती झुकलेला ते) १८ ते २० अंश. ऐनासाठी हुक १५ पर्यंत उतरवला तर धार जास्त टिकते. घन लाकडाचा आडवा काप: ६० ते ८० दात, तिरके टोक, हुक १० च्या आसपास. साधा प्लाय: ६० ते ७२. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट: ९६ दात, ट्रिपल चिप. मायटर सॉ किंवा वरून खाली येणाऱ्या कोणत्याही मशीनला हुक शून्य किंवा उणे ५ अंश घ्या, नाहीतर पाते लाकडावर चढते आणि हात खेचला जातो.

दातांची संख्या जाडीशी जोडून तपासा. कापताना एकाच वेळी दोन ते चार दात लाकडात असावेत. २४ दातांच्या पात्यात दोन दातांमधले अंतर ३९ मिमी, ९६ दातांच्या पात्यात दहाच्याही आत. १८ मिमीच्या प्लायवर २४ दाती पाते म्हणजे एका वेळी कसाबसा एक दात, म्हणून ठोके बसतात आणि खालची कड उडते. ७५ मिमीच्या सागावर ९६ दाती पाते म्हणजे खाचांमध्ये भुसा ठासतो, घर्षण वाढते आणि काळी रेघ उमटते.

ती काळी रेघ दिसली की लोक फीड आणखी हळू करतात. बहुतेकदा उलटे करायला हवे. प्रत्येक दाताने किती खाल्ले याचा हिशोब: फीड (मिमी प्रति मिनिट) भागिले आरपीएम, भागिले दात. १० मीटर फीड, ४५०० आरपीएम, २४ दात, तर प्रत्येक दात ०.०९ मिमी खातो. कठीण लाकडासाठी हे चांगले आहे. तेच ९६ दाती पात्यावर ०.०२ येते, म्हणजे दात कापत नाही, नुसता घासतो. घासणे म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे धार गेली. कठीण लाकडाला ०.०६ ते ०.१५, लॅमिनेट शीटला ०.०५ ते ०.१२ या पट्ट्यात राहा. हाताने फीड देताना मिनिटाला किती मीटर जाते ते एकदा मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा. नुसत्या अंदाजाने हे कळत नाही.

रायव्हिंग नाइफ पात्याच्या अंगापेक्षा (मधल्या पत्र्यापेक्षा) जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. काप ३.२ आणि अंग २.२ असेल तर २.५ ते २.८ ची नाइफ योग्य. पातळ कापाचे पाते आणले आणि नाइफ जुनीच ठेवली तर लाकूड मध्येच अडकते, म्हणून दोन्ही एकत्र बदला. नाइफ काढून ठेवणारे फार, आणि ओलसर लाकूड पात्यावर मिटून फेकले जाण्याचे अपघात तिथेच होतात.

पॅनेल सॉवर (मोठ्या शीट कापायच्या मशीनवर) खालचे स्कोअरिंग पाते असते, बहुधा १२० ते १२५ मिमीचे. त्याने मुख्य पात्याच्या आधी लॅमिनेटमध्ये १ ते २ मिमी खोल चीर पाडायची असते. त्याची रुंदी मुख्य कापापेक्षा ०.१ मिमीच जास्त ठेवा. कमी ठेवली तर खालची कड उडते, जास्त ठेवली तर पायरी दिसते. मुख्य पात्याला धार लावून आणली की कापाची रुंदी किंचित घटते, त्यामुळे स्कोअरिंग दर वेळी पुन्हा जुळवावे लागते. 'धार लावल्यापासून कड खराब येते' या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते.

साइटवर चार इंची मार्बल कटरला लाकडाचे टीसीटी (कार्बाइडच्या टोकांचे) पाते लावून काम करायची पद्धत सगळीकडे आहे. त्याला रायव्हिंग नाइफ नसते आणि गार्ड नावापुरते. निदान पात्यावर कटरच्या आरपीएमइतके किंवा त्याहून जास्त आरपीएम छापलेले आहे का, एवढे तरी बघा. अँगल ग्राइंडरवर मात्र दातेरी पाते अजिबात नको.

५. टूलचे धातू

हायस्पीड स्टील सर्वांत तीक्ष्ण धार घेते, स्वस्त आहे, जागच्या जागी पाजळता येते. मऊ लाकूड, कातकाम, रंध्याची पाती इथे त्याला तोड नाही. टंगस्टन कार्बाइड कठीण पण ठिसूळ: साग, माड, प्लाय, बोर्ड यांना तेच. पीसीडी म्हणजे हिऱ्याच्या थराचे टूल. रोज मोठ्या संख्येने एमडीएफ किंवा लॅमिनेट कापणाऱ्या सीएनसीलाच (संगणकावर चालणाऱ्या राउटरलाच) ते परवडते. घन लाकडात गाठ लागली की त्याचे टोक उडू शकते. आठवड्याला दहा-पंधरा शीट कापणाऱ्याने पीसीडीच्या नादी लागू नये.

एक बारीक गोष्ट. कार्बाइडचे कण कोबाल्टने जोडलेले असतात आणि ओल्या लाकडातली आम्ले, विशेषतः टॅनिन, तो कोबाल्ट हळूहळू खातात. म्हणून ओल्या ऐनाचा चीक दातांवर तसाच ठेवून पाते रात्रभर मशीनवर सोडले की धार घासून नाही, कुजून जाते.

६. बँड सॉ

पेटीच्या पट्ट्या, ओंडक्याच्या फळ्या आणि वळणदार कापासाठी बँड सॉच. आठ-दहा मिलिमीटरच्या पट्ट्या गोल पात्याने काढल्या तर पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके लाकूड भुश्यात जाते. बँडचा काप दोन मिलिमीटरच्या आत येतो.

पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नको. ९०० मिमीचे चाक असेल तर ०.९ मिमी. जाड पट्टा चाकावर वळताना थकतो आणि वेल्डजवळ तुटतो. रुंदी वळणावर ठरवा: ६ मिमी पट्टा साधारण १६ मिमी त्रिज्येत वळतो, १० मिमीचा ३७ मध्ये, १२ मिमीचा ६४ मध्ये. सरळ चिरेसाठी मशीन घेईल तेवढा रुंद. लाकडात किमान तीन दात एका वेळी असावेत.

ओल्या ओंडक्याला दातांचा सेट, म्हणजे दोन्ही बाजूंना काढलेला फाक, वाळक्या लाकडापेक्षा जास्त लागतो. पावसाळ्यात पट्टा पोटात वाकून फळी मध्येच जाड-पातळ येऊ लागली तर बघायचा क्रम असा: धार, मग दोन्ही बाजूंचा सेट सारखा आहे का, मग ताण, आणि शेवटी गाइड. एका बाजूचा सेट कमी असेल तर पट्टा नेहमी विरुद्ध बाजूला ओढतो. काम संपल्यावर ताण सैल करा.

७. रंधा मशीन आणि थिकनेसर

इथे पृष्ठभाग किती गुळगुळीत येणार हे आधीच काढता येते. फीड भागिले आरपीएम, भागिले पाती. ६ मीटर फीड, ४५०० आरपीएम, तीन पाती: प्रत्येक पात्याची लाट ०.४४ मिमी, डोळ्याला दिसत नाही. पण तीनपैकी एक पाते जरी बाकीच्यांहून वर आले तर शेवटचा हात त्याचाच लागतो, आणि लाट १.३३ मिमी होते. पॉलिश केल्यावर ती तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. म्हणून महाग पाती घेण्याआधी सेटिंग गेज घ्या आणि तिन्ही पाती ०.०५ मिमीच्या आत जुळवा. पाती बसतात त्या फिरत्या ब्लॉकबाहेर सुमारे १ मिमी पुरे.

फणस आणि आंब्याच्या खपल्या उडण्यावर एक जुना, हमखास उपाय आहे: पात्याच्या पुढच्या तोंडाला, धारेजवळ, १० ते १५ अंशांची बारीक पट्टी घासून घेणे. त्याने कापाचा कोन ताठ होतो, पाते तंतू उचलत नाही, खरवडते. मोटरवर भार वाढतो आणि मऊ लाकडाला ती पाती चालत नाहीत, म्हणून असा एक संच वेगळा रंग लावून ठेवावा. एका फेरीत १ मिमीहून जास्त काढू नका. खप असेल आणि थ्री फेज असेल तर चौकोनी कार्बाइड इन्सर्टचा (स्क्रूने बसणाऱ्या छोट्या पात्यांचा) स्पायरल ब्लॉक फणसाचा प्रश्न जवळपास मिटवतो. प्रत्येक इन्सर्टला चार धारा. इन्सर्ट फिरवताना खालची बैठक पुसली नाही तर तो कण इन्सर्ट उंच करतो आणि लाकडावर लांब रेघ पडते. स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा, जास्त आवळला की इन्सर्ट तडकतो.

८. राउटर आणि सीएनसी

पहिली चूक शँकची, म्हणजे बिटच्या मशीनमध्ये बसणाऱ्या दांडीची. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) हे एकच समजले जाते. ६ चा बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या चिमट्यात) आवळला की धरल्यासारखा वाटतो, पण चालू मशीनमध्ये तो बाहेर सरकतो. १२ आणि १२.७ चेही तेच. कॉलेटचे माप त्याच्यावर वाचा, बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा, मग आवळा.

बिटचा व्यास वाढला की वेग उतरवायचा: २५ मिमीपर्यंत २२,००० च्या आसपास, ५० पर्यंत १६,०००, त्याहून मोठा असेल तर १२,००० च्या खाली.

स्पायरल बिटमध्ये अपकट भुसा वर फेकतो आणि वरची कड उडवतो, डाउनकट वरची कड साफ ठेवतो पण भुसा खाली दाबतो. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असलेल्या शीटला कॉम्प्रेशन बिट. त्याचा टोकाकडचा थोडा भाग अपकट असतो. पहिलीच फेरी त्या भागापेक्षा खोल गेली पाहिजे, नाहीतर अपकट भाग वरच्या लॅमिनेटला उचलतो आणि महाग बिट घेऊनही कड उडालेलीच राहते. एमडीएफवर ६ मिमीचा दोन धारांचा बिट, १८,००० आरपीएम, प्रत्येक धारेला ०.२ मिमी: फीड ७.२ मीटर प्रति मिनिट. घाबरून २ मीटरवर चालवला तर बिट निळा पडतो. भुसा बारीक पिठासारखा आणि गरम येत असेल तर फीड वाढवा किंवा आरपीएम उतरवा.

९. ड्रिल आणि कातकाम

कन्सील्ड बिजागरीला ३५ मिमी कार्बाइड बोरर, डॉवेलला ८ मिमीचा मध्यभागी टोक आणि कडेला दोन काटे असलेला ड्रिल. आरपार छिद्राला इंग्रजी व्ही आकाराच्या टोकाचा. मल्टिबोरिंग मशीनला उजवे-डावे फिरणारे ड्रिल वेगळे लागतात, ऑर्डरमध्ये दोन्हींची संख्या लिहा.

लाखकाम करून रंगवायची खेळणी कातताना पांगारा-शिवणीला हायस्पीड स्टीलची गोल पटाशी घ्या, वरचेवर दगडावर हात फिरवत राहा. लव उरली तर लाखेखाली ती खडबडीत दिसते आणि सँडपेपरने पूर्ण जात नाही.

१०. चाचणी, आणि पैशाचा हिशोब

नवे टूल लावले की त्याच दिवसाच्या मालाचे, त्याच जाडीचे तुकडे कापा. कड दोन्ही बाजूंनी तपासा, आणि क्लॅम्प मीटरने मोटरचा अँपिअर लिहून ठेवा. ताज्या धारेचा हा आकडा हाताशी असला की पुढे धार कधी गेली ते कळते. त्याच मालावर त्याच फीडला अँपिअर पंधरा-वीस टक्के चढला, की पाते उतरवा. आवाज बदलणे, करपट वास, हाताला जास्त जोर लागणे ही पुढची लक्षणे आहेत, आणि तोवर उशीर झालेला असतो. फार बोथट केलेल्या पात्याला धार देताना कार्बाइड दुप्पट घासावे लागते.

किमतीची तुलना मीटरवर करा. समजा एक पाते १२०० रुपयांचे, एका धारेत ६०० मीटर, तीनदा धार लागते, दर वेळी ३००. एकूण २१०० रुपयांत २४०० मीटर, म्हणजे मीटरला ८८ पैसे. दुसरे ४००० रुपयांचे, एका धारेत १५०० मीटर, आठदा धार लागते, दर वेळी ४००. एकूण ७२०० रुपयांत १३,५०० मीटर, म्हणजे ५३ पैसे. पण त्याच दुसऱ्या पात्याला तिसऱ्या धारेच्या आधी खिळा लागला तर हिशोब उलटतो. म्हणून जुन्या वाशांवर महाग पाते नको, त्यासाठी कमी दातांचे, सपाट टोकाचे, स्वस्त पाते बाजूला ठेवा.

कार्बाइडला डायमंड व्हीलवरच धार द्यायची. ती सोय जवळ नसेल आणि पाते घाटावर किंवा मुंबईला पाठवावे लागत असेल, तर प्रत्येक महत्त्वाच्या पात्याचे तीन नग हवेत: एक मशीनवर, एक फळीवर, एक धारेला. पाठवताना चिठ्ठीवर व्यास, दात, टोकाचा आकार, हुक आणि काय कापता ते लिहा. न लिहिल्यास अनेक ठिकाणी ट्रिपल चिपचे सगळे दात सरसकट सपाट होऊन येतात. परत आल्यावर भिंगाने दोन-चार दात बघा, आणि कार्बाइडची उरलेली जाडी १ मिमीच्या खाली असेल तर ते पाते पुन्हा पाठवू नका.

साफसफाईला रॉकेल किंवा भांड्यांचा पातळ साबण, दहा-पंधरा मिनिटे भिजवून पितळी ब्रश. कॉस्टिक सोडा नको, तो कार्बाइडच्या जोडाला बाधतो. कोटिंग असलेल्या पात्याला ब्रशऐवजी कापड. लगेच कोरडे करा. खाडीच्या किंवा समुद्राच्या वाऱ्यात उघडे स्टील एका रात्रीत तांबूस होते, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल तेल नको, ते काही दिवसांत चिकट होते आणि त्यावर भुसा बसतो. मे संपायच्या आत झाकणाचा लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा करा, पाती एकमेकांना न टेकता मधल्या खुंट्यांवर टांगा, तळाला सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओली झाली की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा. रंध्याची पाती तेलाच्या कागदात गुंडाळून, धार वर करून. बँडचा पट्टा गुंडाळून भिंतीवर टांगायचा, जमिनीवर नाही: पावसाळ्यात कोब्याला घाम फुटतो आणि पट्ट्याचे खालचे दात आधी गंजतात.